दसऱ्याची सायकल

“बयना! पंप आन! लवकर!”

बयनाबाई पंप घेऊन धावत आली आणि उंबऱ्यातच थिजली. ओट्यासमोर एक गोरी म्हातारी. पांढरे केस, उघड्या पिंढऱ्या, सामानानं लादलेली सायकल. आणि सायकलच्या चाकाशी उकिडवे बसलेले मामंजी.

तिचे मामंजी. नागोराव.

“विमानाचे पैसे सरले असन म्हातारीचे,” शेजारचा डोमाजी हसला.

“चूप बे! बस काऊन नाई पकडली, इचारलं मी. सीटवर थाप मारून हासली. नागपुराहून निंगाली, एकटी. कन्याकुमारीले चालली!” नागोराव जोर लावून हवा भरत होते. “याले म्हन्तेत हिंमत.”

हिंमत.

बयनाबाई गावोगाव फिरणारी नर्स. आदिलाबादला ट्रेनिंगमध्ये सायकल शिकलेली. चौऱ्याऐंशी साली दवाखान्यातून तिला सायकल मिळाली, तेव्हा याच ओट्यावरून हाच आवाज आला होता: “आमच्या घरच्या बाया रस्त्यानं टांगा मारत जात नाईत.”

सायकल भिंतीला टांगली गेली. दर दसऱ्याला मामंजी स्वतः तिला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. पंप तेवढा गावभर फिरला. बयनाबाई पायी फिरली. भर उन्हात. पोटुशी असताना. मग गुडघे धरल्यावरही.

म्हातारी हात हलवून पुढच्या मावला गावाच्या रस्त्याला लागली. नागोराव ओट्यावर पाय सोडून बसले, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

“वाघीन हाये, वाघीन!”

बयनाबाई उंबऱ्यातून ऐकत होती. रागही येत नव्हता. नुसतं

हे असं

इतकं सोपं होतं?

तिनं पंप उचलला. आत गेली. सायकल उतरवली. वाळलेल्या झेंडूंचा भुगा पायांवर पडला. टायरला भेगा गेलेल्या. हवा भरली, फुसकन बाहेर आली.

पुन्हा भरली.

पुन्हा.

मग तिनं औषधांची पिशवी कॅरियरला अडकवली आणि बसक्या चाकांवरच सायकल हातानं ढकलत दाराबाहेर आणली.

“काऊन काढली वं? कुठी चालली?”

ओट्यावरून सोडलेले नागोरावांचे पाय वाटेत होते. तिनं घंटी वाजवली.

अजून खणखणीत होती.

नागोरावांनी पाय वर घेतले.