जुना पार्ट

महेबूबभाईंनी लॅपटॉप तिसऱ्यांदा पालथा केला आणि खालून बोट फिरवलं. लॅपटॉपच्या पोटाशी दोन स्क्रूंची एक झाकणी असते आणि ती काढली की मेमरीची पट्टी बसवायची खाच दिसते, हे त्यांच्या बोटांना वीस वर्षांपासून पाठ होतं. इथं झाकणी नव्हतीच. सगळं अंग गुळगुळीत.

"काय झालं, भाई?" काउंटरपलीकडून बब्रुवाननं विचारलं. लेकीला घेऊन तो अणदूरहून पहाटेच्या गाडीनं धाराशिवला आला होता. कपाळावर भंडारा, हातात घडी केलेली घोंगडी. लॅपटॉप त्या घोंगडीतच गुंडाळून आणला होता.

"काय न्हाय. बसा तुमी."

बब्रुवान बसला. करिश्मा उभीच राहिली.

"चाचा, उद्या धा वाजता टेस्ट हाय. पुण्याच्या कंपनीतल्या नोकरीची, शेवटची. मशीनमधी आठ जीबी मेमरी नसली तर टेस्ट सुरूच होत न्हाय. आमच्या लॅपटॉपात चारच हाय."

"मैतरणीचा न्हाय का मिळत?"

"तिघींचीबी त्याच वेळंला हाय. कॅफेत चालत न्हाय. खोलीत एकटीच पायजे."

"वाढवायची म्हनून तर आनलाय," बब्रुवान म्हणाला. "भाईंनीच सांगितलंय की तवा."

तो हे अगदी सहज बोलला. महेबूबभाईंचं बोट त्या गुळगुळीत तळावरच थांबलं. खरंच त्यांनीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी बब्रुवाननं सोलापूरच्या दुकानातून फोन केला होता. दोन लॅपटॉप दाखवतायत, एक मोठ्या मेमरीचा, एक लहान, कोणता घेऊ? महेबूबभाई तेव्हा कुणाचा तरी प्रिंटर खोलून बसले होते. फोन खांद्यावर धरून ते म्हणाले, "लहानच घ्या. पुढं म्या वाढवून देतो. पाच मिनिटांचं काम हाय." कोणतं मॉडेल, हे विचारावं असं मनातही आलं नाही. हे वाक्य त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं आणि प्रत्येक वेळी खरं करून दाखवलं होतं. मशीनं कधी बदलली, हे त्या वाक्याला कुणी कळवलंच नाही.

आणि बब्रुवानसाठी त्यांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. ओळख रेडिओपासूनची. मेंढरांमागं फिरताना त्याच्या गळ्यात एक रेडिओ असायचा आणि वर्षातून दोनदा तरी तो महेबूबभाईंच्या टेबलावर यायचा. महेबूबभाईंचा एक नेम होता. मशीन गिऱ्हाइकासमोर खोलायचं आणि काढलेला जुना पार्ट कागदात बांधून त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे मनात किंतु राहत नाही. बहुतेक लोक त्या पुड्या स्टँडपर्यंत जाता जाता फेकून देत. बब्रुवाननं मात्र सगळ्या घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

"खोलून बघतो," महेबूबभाई म्हणाले.

तळाचे रबरी पाय सोलून त्यांनी खालचे स्क्रू काढले. मग जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत सारली. कट् असा आवाज झाला. पुन्हा कट्. प्रत्येक आवाजाला बब्रुवान डोळे मिटून घेत होता. हा लॅपटॉप घेताना कळपातल्या अकरा मेंढ्या गेल्या होत्या, त्यामुळे दुसरा घ्यायची गोष्ट कुणी काढणं शक्यच नव्हतं.

तळ निघाला. आत काळी सपाट बॅटरी, बोटभर पंखा आणि वहीच्या अर्ध्या पानाएवढा बोर्ड. महेबूबभाईंनी भिंग डोळ्याला लावलं. खरं तर भिंगाची गरज नव्हती.

"ह्ये बघा, बब्रुवानराव. ही चार काळी चौकोनं हायत ना, हीच मेमरी. कारखान्यातच बोर्डाला डकवून टाकलीय. दुसरी बसवाया जागाच ठेवली न्हाय."

"मग कथलाचा डाग देऊन बसवा की. रेडिओला दिला व्हता तसा."

"रेडिओच्या पार्टाला पाय असत्यात. ह्याला खालनं राजगिऱ्यावाणी बारीक थेंब हायत, लई. त्याला येगळं मशीन लागतं. ते माझ्याकडं न्हाय. असतं तरी बोर्ड जगंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

बब्रुवान बोर्डाकडं बघत राहिला. मेंढरू आजारी असलं की तो असाच बघत असावा.

महेबूबभाई उठले आणि आपला स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले. जाडजूड, विटेसारखा जड. गेल्या अकरा वर्षांत त्याचा पंखा, बॅटरी, डिस्क, कीबोर्ड सगळं त्यांनी हातानं बदललं होतं. मेमरी तर सोळापर्यंत नेली होती. दुकानाचं सगळं काम त्याच्यावरच चालायचं.

"बेटा, ह्यो घेऊन जा. सोमवारी आनून दे."

करिश्माचा चेहरा उजळला. टेस्टच्या आधी मशीन तपासून घेणारा प्रोग्राम तिनं त्यावर चढवला. तिघं पडद्यावर वाकले. मेमरीपुढं हिरवी खूण आली. कॅमेऱ्यापुढंही आली. मग शेवटच्या ओळीपुढं लाल फुली उमटली.

"काय म्हनतंय?" बब्रुवाननं विचारलं.

"मशीन जुनं हाय म्हनतंय, आप्पा. चालत न्हाय."

तिनं पुन्हा करून पाहिलं. फुली तशीच. हाताला वश असलेलं मशीन परीक्षेला नको होतं, आणि परीक्षेला चालणारं मशीन कुणाच्या हाताला वश नव्हतं.

महेबूबभाई खुर्चीत बसले. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ती लपवावी असंही वाटत नव्हतं.

"गलती माझी हाय," ते म्हणाले. "फोनवर मॉडेल इचाराया पायजे व्हतं. म्या इचारलं न्हाय. माझ्यावर इसंबून तुमी ह्यो घेतला."

बब्रुवान घोंगडीची घडी उलगडू लागला. करिश्मा लॅपटॉपकडं न बघता म्हणाली, "चाचा, बंद करून द्या. साडेबाराची गाडी हाय."

आवाजात राग असता तर महेबूबभाईंना बरं वाटलं असतं.

बंद करण्याआधी सवयीनं त्यांनी पंख्यावरून ब्रश फिरवला. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पिवळी भुकटी पडली. त्यांनी ब्रश थांबवला.

"भंडारा हाय," बब्रुवान हळूच म्हणाला. "खंडेनवमीला लॅपटॉपबी लोकर कातरायच्या कातरीजवळ मांडला व्हता. पूजेला."

"सांगितलं व्हतं म्या, फटीत जातोय म्हणून," करिश्मा म्हणाली, आणि भरल्या डोळ्यांनी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

एरवी महेबूबभाई असली धूळ फुंकून टाकत. आज त्यांनी पंख्याची एकेक पाती पुसली आणि कोपऱ्यातली भुकटीही ब्रशनं कागदावर ओढून घेतली. मग तळ बसवला, स्क्रू आवळले, रबरी पाय चिकटवले. लॅपटॉप आला होता तसाच दिसू लागला.

"किती झालं?"

"काय केलंय म्या? न्या."

बब्रुवाननं लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून काखेत धरला आणि दुसरा हात पुढं केला, तळवा वर करून. इतक्या वर्षांची सवय. महेबूबभाईंनी टेबलावर नजर फिरवली. काढलेलं काहीच नव्हतं. मग त्यांनी पिवळ्या भुकटीचा तो कागद नीट दुमडला, पुडी केली आणि त्या तळव्यावर ठेवली.

बब्रुवाननं पुडी कपाळाला लावली आणि बंडीच्या आतल्या खिशात सारली.

"येतो, भाई," तो म्हणाला. "काय बिघडलं तर तुमच्याकडंच येनार की आमी."

गिऱ्हाईक निघताना महेबूबभाई नेहमी "या" म्हणत. आज त्यांना ते म्हणता आलं नाही.