सायप्रसच्या घाटात ताई

चढावर गाडीला धाप लागली, की ताई तिला हलकेच चुचकारायची, "चल गं बाई, थोडंच राहिलंय," आणि उघड्या काचेतून पाइनच्या राळेचा ओलसर गंध आत दरवळायचा. तिचा तो लाडिक स्वर मी फार काळाने ऐकत होतो.

ताई बहरीनला, सलमानियाच्या इस्पितळात नर्स. मी तिचा धाकटा भाऊ, तिथेच मनामातल्या एका कचेरीत अकाउंटंट. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भावजी अकस्मात गेले, आणि बहरीनच्या सपाट, पांढुरक्या उन्हासारखं तिचं बोलणंही एकसुरी झालं. रत्नागिरीहून सगळे म्हणत, परत ये. ती होही म्हणेना, नाहीही म्हणेना. झोपायची सोय असलेली व्हॅन घेऊन सायप्रसचे डोंगर हिंडायचे, हा बेत मुळात भावजींचा. एका संध्याकाळी अरादच्या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी निरखत ती म्हणाली, "रजा टाक. आपण जाऊ."

विमानतळावरून व्हॅन मीच चालवायला घेतली. पण बहरीनमध्ये उजवीकडून चालवायची सवय, इथे सगळं डावीकडून, त्यात शेजारी दरी. घाट सुरू होताच मी व्हॅन कडेला घेऊन थांबवली.

"हो बाजूला," ताई म्हणाली. "आंबा घाटाच्या पायथ्याशी वाढलेय मी."

"तिथे तू एसटीत बसायचीस."

"ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

मग वळणामागून वळण उलगडत गेलं तशी ताईही उलगडत गेली. पिवळ्या फुलांनी पेटलेले उतार, द्राक्षवेलींच्या पायऱ्यापायऱ्यांवर रेंगाळणारं मधाळ ऊन, दूर कुठे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांची किणकिण. या साऱ्यातून ती एक हात बाहेर काढून वारा जणू कुरवाळत, तोंडाने गुणगुणत चालली होती. एका गावाबाहेर तिने व्हॅनमधल्या इवल्या शेगडीवर पिठलं केलं. वासाने एक काळ्या पोशाखातली म्हातारी जवळ आली. घास घेताच तिखटाने तिचे डोळे पाणावले, तरी तिने आणखी मागितलं. मग स्टिअरिंगकडे बोट दाखवून तिने खुणेनेच विचारलं, तू चालवतेस? ताईने मान डोलावली, तशी म्हातारीने तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि गालाचा मुका घेतला.

माथ्यावर सावलीत अजून बर्फाचा एक पट्टा होता आणि खाली, धुक्यापल्याड, समुद्र. ताईने बर्फ मुठीत घेतला, वितळेपर्यंत धरून ठेवला.

"मी नोकरी सोडत नाही रे. बहरीनलाच राहते."

"घरी काय सांगू?"

"सांग, ताई बरी आहे."

पुढे कितीतरी वर्षं ती खरोखरच बरी होती. दर वसंतात कुठला ना कुठला डोंगर शोधून काढायची. आता ती नाही. तिच्या अखेरच्या आजाराचे महिने काळाने माझ्या मनातून विरवून टाकले आहेत; उरला आहे तो एवढा एक वसंत, आणि मी म्हातारा होत जातो तशी त्या वसंतातली माझी थोरली बहीण दरवर्षी माझ्याहून अधिकच धाकटी होत चालली आहे.