सामन्याआधी मागवलेले पंधरा हार

डिसेंबर १९९३, शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी हाराची सुई बोलतेय. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण माझ्या मालकिणीनं, प्रतिभानं, पोरीला औषध पाजायला तेव्हाच घड्याळ बघितलं होतं.

मी मूळची छत्रीची काडी. छत्री मोडली तेव्हा प्रतिभाच्या सासूबाईंनी, भागुबाईंनी, मला उपसून काढलं, दगडावर घासून टोक आणलं आणि मागं दोऱ्यासाठी वेटोळं वळवलं. हातभर लांब आहे मी. एका दमात चाळीस फुलं घेते. सून आली तशी भागुबाईंनी मला तिच्या हाती दिलं. मळा नाशकाच्या कडेला, त्यात झेंडू आणि शेवंती. प्रतिभाचा नवरा गोरक्ष मळा बघायचा आणि मळेकर संघाचा गोलकीपर होता.

फुटबॉल लीगच्या फायनलचे हार आमच्याच घरचे. पण रीत अशी, की ते आधी ओवायचे नाहीत. दोन पाट्या सुटी फुलं मैदानावर न्यायची, एकीत झेंडू, दुसरीत पांढरी शेवंती. शेवटची शिट्टी झाली की जिंकलेल्यांच्या रंगाची पाटी पुढं ओढायची. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत मी पंधरा हार करून मोकळी! "खेळाआधी ओवलेला हार मयताचा," असं भागुबाई म्हणायच्या.

त्या शनिवारी तीन दहाला बहिरू आला. तो भिकनशेठचा माणूस, आणि भिकनशेठ उद्याच्या फायनलला मळेकरांसमोर उतरणाऱ्या केशरी संघाचे मालक. त्यानं चिठ्ठी दिली. "विजयी संघासाठी पंधरा हार, फक्त झेंडू. उद्या सकाळी दहाला तयार." खाली तारीख आणि शेठची सही.

"ओवून? आधीच?" प्रतिभा म्हणाली.

"शेठनी बॅन्ड सांगितलाय, फोटोवाला सांगितलाय. खोळंबा नको."

"अन् मळेकर जिंकले तर?"

बहिरू हसला. "वहिनी, तुम्हीच विचारता व्हय? आता पेढे तुमच्याकडनं!"

तो गेला. प्रतिभाच्या हाताला घाम आला. तो मला कळला, कारण मी तिच्या हातातच होते.

गोरक्ष मळ्यातून आला तेव्हा तिनं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. तो बराच वेळ पाय धूत राहिला.

"दोन गोल सोडायचेत," तो शेवटी म्हणाला. "शेठच्या मेव्हण्याच्या कंपनीत कायमची नोकरी. दवाखाना फुकट. सायलीला लय दम लागतो, तूच रडती ना रोज?"

ती रडायचीच. पोरीची छाती वाजली की दहादा उठून बघायची, पदरानं वारा घालायची, नवस बोलायची. माणसं काळजीपोटी किती काय कबूल करतात, ते मी जवळून बघितलंय. पण त्या दिवशी ती रडली नाही.

"औषध मी कुठनंही आणीन," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठनं आणू?"

 तिनं एकही फूल ओवलं नाही.

रविवारी दहा वाजायच्या आतच ती दोन्ही पाट्या घेऊन मैदानावर गेली. मी तिच्या अंबाड्यात खोचलेली, म्हणून मला सगळं दिसत होतं. बाराव्या मिनिटाला साधा, सरपटत आलेला चेंडू गोरक्षच्या हाताखालून गेला.

"हाताला लोणी लावलंय का रं गोरख्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

मध्यंतर झालं. पोर कडेवर घेऊन प्रतिभा थेट त्याच्यापाशी गेली.

"अहो, ही चिठ्ठी मी लीगच्या लहानूमामांना द्यायला चाललेय. दिली की तुमचंही नाव निघणार. त्याआधी तुम्ही जाऊन सांगा."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

"मला परत खेळू देणार नाय."

"नाय देणार," ती म्हणाली. ती जागची हलली नाही.

गोरक्षनं सायलीकडं बघितलं. मग हातमोजे काढले आणि एकटाच पाहुण्यांच्या मंडपाकडं चालू लागला.

लहानूमामा म्हणजे लीगचे अध्यक्ष, शाळेतले निवृत्त खेळाचे सर. गोरक्षनं उभ्यानं सगळं सांगितलं. मग मागोमाग आलेल्या प्रतिभानं चिठ्ठी मामांपुढं ठेवली.

"हारवालीच्या चिठ्ठीवर लीग चालवता का मामा?" शेजारच्या खुर्चीतले भिकनशेठ उसळले.

"सही तुमचीच ना शेठ? तारीख कालची. सामना आजचा." मामांनी चष्मा काढला. "मधे पेपरात होतं. फ्रान्समध्ये असाच सामना विकत घेतला, तर तिथल्या एवढ्या मोठ्या क्लबचं विजेतेपद काढून घेतलं. तिथं होतं, मग इथं का नाय?"

त्या वर्षी कप कुणालाच दिला नाही. केशरी संघ लीगबाहेर गेला. गोरक्षला तीन वर्षं बंदी झाली. मळेकर पोरं कितीतरी दिवस त्याला बघून रस्ता बदलायची. नोकरी तर नाहीच. पण प्रतिभानं फुलांचा धंदा वाढवला, आणि सायलीचा दम सातव्या वर्षी आपोआप कमी झाला. मला आधीच वाटत होतं, पोरगी चिवट आहे!

आज २००५ साल आहे. प्रतिभाकडं बाजारातली स्टीलची सुई आली. माझं टोक बोथट झालंय, मी फळीवर बटणांच्या डब्यामागं पडून असते. तक्रार नाही. हजारो हार केलेत मी.

पण परवा सायली शाळेतून आली ती दप्तर फेकूनच. "मी संघात नाव दिलं तर पोरी म्हणतात, विकलेल्या गोलकीपरची पोरगी आली. पप्पा, खरं हाय का?" गोरक्षनं तिला पुढ्यात बसवून सगळं सांगितलं, सोडलेल्या गोलासकट. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती परत नाव द्यायला गेली.

तेव्हा तुम्ही एवढं करा. गोरक्षनं गोल सोडला, हे लपवू नका. पण पुढं हेही सांगा, की कुणी पकडायच्या आधी तो आपल्या पायांनी मंडपात गेला आणि सगळ्यांसमोर बोलला. बाजारात सांगा, मैदानावर सांगा. आणि सायलीच्या शाळेत तुमची कुणी लेकबाळ असेल, तर तिला आजच सांगा.