बुटकी चौकट

सुताराच्या हातून जन्मात एकच चौकट बुटकी झाली, आणि नेमकी ती शेठच्या बैठकीची. माप चुकलं होतं. आता शिव्या पडणार म्हणून तो अवजारं पिशवीत कोंबून सटकायच्या बेतात होता, तर शेठ गालातल्या गालात हसतोय! येणारा जाणारा जो तो मान खाली घालूनच आत शिरत होता, बँकेचा साहेबसुद्धा. शेठने खूश होऊन आपली जुनी, सिंहाच्या तोंडाची खुर्ची सुताराला देऊन टाकली.

खुर्ची घरी आली आणि सुताराच्या डोक्यात वारं शिरलं. दारासमोर ती मांडून त्याने आपल्याच चौकटीला वरून एक पट्टी ठोकली. पहिला वाकला दूधवाला. सुताराला असं काही गार वाटलं की त्याने लगेच दुसरी पट्टी रंधा मारून तयार ठेवली.

"अहो, हे टेंगूळ बघा माझं!" बायको कपाळ चोळत म्हणाली.

"मोठ्या माणसाच्या घरात वाकूनच शिरावं लागतं."

"मोठं कोण, तुम्ही की खुर्ची?"

पण वाकायला हवा होता एकच माणूस, त्याचा दादा. मोठी करवत दोघं मिळून ओढायचे. गिऱ्हाइकांसमोर दादा खुशाल म्हणायचा, "सरक बाजूला, तुला नाही जमायचं."

दादा आला, चौकट बघून बाहेरच थांबला.

"हे काय सोंग?"

"आत ये ना दादा."

"आधी ती पट्टी काढ."

"आधी तू वाक."

दादा पाठ फिरवून गेला तो आलाच नाही. एकट्याने ओंडका कापता येईना, म्हणून सुतार स्टुलं ठोकत बसला आणि रागाच्या भरात पट्ट्याही ठोकत गेला. गिऱ्हाइकं रस्त्यातूनच हाका मारू लागली. बायको स्टूल लावून खिडकीतून ये-जा करू लागली. त्या दारातून जाणारा येणारा उरला एकटा सुतार. मालकानेच खिडकीतून उडी मारायची म्हणजे शोभा झाली असती!

ओलं लाकूड वाकवून ठेवलं की तसंच वाळतं. सुताराची पाठही तशीच वाळली. एके सकाळी तो बाहेर पडला आणि सरळच होईना. कुत्री त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू लागली. लोक म्हणाले, "काय नम्र झालाय हो हा! आणि आम्ही याला शिष्ट समजत होतो."

तसाच तो दादाच्या घरी गेला. समोर दादाचे ठिगळाचे बूट तेवढे दिसले.

"अरे, माफी मागायला एवढं वाकायचं?" दादा म्हणाला. "झालं गेलं. ऊठ आता."

सुतार वाकलेलाच राहिला.

"रडतोयस की काय?" म्हणत दादा गुडघ्यांवर हात टेकून वाकला, अगदी खाली, धाकट्याचं तोंड दिसेपर्यंत.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते हे असं, भर अंगणात, फुकट घडलं. ना खुर्ची, ना चौकट.

"पाठ अडकलीय, दादा. करवत घेऊन चल. आधी त्या पट्ट्या काढू."

"आणि खुर्ची?"

"तिचे पाय काप. तिच्यावर चढायचं म्हणजे मला आता शिडी लागेल."

दार पुन्हा उंच झालं. पाठ मात्र तशीच राहिली. करवत ओढताना सुतार खालून ओढतो, दादा वरून, आणि काही सांगायचं झालं की दादाच वाकतो.