माझा नंबर त्याला दिला

मी रुक्माबाईंचा मोबाइल बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी जळतो. कोणावर? ज्याला ना हात ना पाय, त्या मेल्या चॅटबॉटवर!

रुक्माबाई हुडको कॉलनीत राहतात, कारखान्यातल्या कामगारांना डबे पुरवतात. माझ्या काचेवर कायम पिठाची बोटं. त्यांना आकडे कळतात, लिहिणं जमत नाही. म्हणून त्या माझ्यातल्या निरोपांच्या अ‍ॅपवर बोलूनच निरोप पाठवायच्या. "गुलाबभाऊ, आज सेकंड शिफ्ट हाय ना? मंग दोन भाकरी जास्त टाकून राहिली." तिकडूनही आवाजच यायचा. मोठे सुखाचे दिवस होते ते.

मग लेक आम्रपालीनं डब्यांच्या ऑर्डरी घ्यायला बॉट बनवला. माझ्यातलं ते अ‍ॅप काढलं आणि नंबर त्याला जोडला. तो म्हणे लगेच उत्तर देतो, प्रत्येकाला 'जी' म्हणतो. जो तो त्याचंच कौतुक करू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण त्याची जोडणी रोज दुपारी तुटायची. आम्रपालीनं पासवर्ड बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला, डोकं धरून बसली. मला कारण ठाऊक होतं. ती कामावर गेली की रुक्माबाई माझ्यात अ‍ॅप परत टाकायच्या. अ‍ॅपचा नंबर एका वेळी एकाच ठिकाणी चालतो; माझ्याकडे आला की बॉट मुका! ती यायच्या आत अ‍ॅप काढून टाकायच्या. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचो.

परवा या ओढाताणीत ऑर्डरी हरवल्या. गुलाबभाऊंसकट नऊ जण उपाशी शिफ्टला गेले. आम्रपाली धावत घरी आली, तर अ‍ॅप माझ्यात उघडंच.

"आई, ये तू कर रही थी? कावून पण?"

रुक्माबाईंनी मला पदराआड घेतलं. "सारे त्यालेच विचारतात. मले कोनी विचारत नाही. तो मायापेक्षा गोड बोलते म्हने!"

म्हणजे जळणारा मी एकटा नव्हतो.

"अन् ते नऊ लोक, आई?"

रुक्माबाईंनी मला पदराआडून बाहेर काढलं. मग त्यांनीच अ‍ॅप काढलं आणि म्हणाल्या, "जोड त्याले."

जोडायला लागणारे सहा आकडे माझ्याकडेच येतात. वाटलं, आत्ता रेंज जावी. गेली नाही. रुक्माबाईंनी एकेक आकडा वाचला. सहाव्याला थांबल्या, नाक पुसलं आणि तोही सांगितला.

आता मी मसाल्याच्या डब्याशेजारी पडून असतो. तुम्ही डबा मागवाल, तो खुशाल त्याच्याकडे मागवा. पण भाजी आवडली, तर तेवढं त्याला लिहू नका. फोन करा. तो अजून माझ्यावरच वाजतो, आणि रुक्माबाई पिठाच्या हातानं धावत येतात.