झाकणाचं भोक

आत्याचं घर आवरताना माळ्यावर एक खोकं निघालं. दोघी बहिणींनी ते मिळून उचललं आणि जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात नेलं. दोघींची साठी उलटलेली, तरी वाटभर वाद चालू होता. थोरली म्हणत होती चहाचा सेट, धाकटी म्हणत होती कॉफीचा.

दुकानदाराने एकेक भांडं टेबलावर मांडलं.

"चहाची किटली बुटकी, पोट सुटलेली असते. कॉफीच्या किटलीची तोटी खालून निघते. ही उंच आहे आणि तोटी बघा, अगदी काठाशी, चोचीएवढी. कपही उभट. हा चॉकलेटचा सेट. गरम चॉकलेट प्यायचं यातून."

दोघीही हरल्या, म्हणून दोघींनाही बरं वाटलं.

मग त्याने किटलीचं झाकण उचललं. थोरलीने मान खाली घातली.

"ते भोक माझ्यामुळे पडलं. आठ वर्षांची होते. आत्याने सुट्टीभर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही."

"कशाने पाडलंत?"

"मला आठवत नाही. पण हिने पाहिलं होतं."

दुकानदाराने भिंग लावलं. "बाई, भोकाच्या आतपर्यंत झिलई आहे, भोवती सोनेरी रेघ आहे. हे भट्टीत जायच्या आधीचं भोक. यातून लाकडी रवी घालून चॉकलेट घुसळायचे, तळाशी बसू नये म्हणून."

थोरली सावकाश बहिणीकडे वळली. बहीण एका कपाचा तळ मन लावून वाचत होती.

"मी पाच वर्षांची होते," ती कपाला म्हणाली. "आत्याने विचारलं, कुणी केलं? मी तर केलं नव्हतं. मग राहिलं कोण?"

दुकानदाराला आतल्या खोलीत अचानक काम निघालं.

थोरली रागावणार होती. तोंडही उघडलं होतं, पण हसूच बाहेर पडलं, इतकं की तिला स्टुलावर टेकावं लागलं.

"सेट माझ्याकडे राहणार," डोळे पुसत ती म्हणाली.

"राहू दे."

"आणि खोकं तू उचलणार. एकटीने."

परतताना थोरलीचे हात रिकामे होते. तिने भावाला, दोन मावसबहिणींना आणि भाचीला फोन करून आपण निर्दोष असल्याचं कळवलं. भाचीला काहीच कळलं नाही, तरी तिने अभिनंदन केलं.