झाकणावरच्या दोन विटा

थर्माकोलचे पांढरे दाणे घामाला चिकटून गास्तोन अर्धवट पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. पडवीत गुडघ्यांवर बसून तो भाजी चिरायच्या सुरीने जाड थर्माकोल कापत होता, आणि प्रत्येक ओढीबरोबर दात शिवशिवतील असा आवाज येत होता. समोर वेताच्या खुर्चीत त्याचा सासरा, ओविदिओ कोरोनेल, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. दाबून ठेवले की ते जरा कमी हलत.

"सुरी तापव," ओविदिओ म्हणाला.

छताच्या पंख्याची घरघर चालू होती. गेल्या वर्षभरात ओविदिओचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता.

"काय म्हणालात, सासरेबुवा?"

"सुरी तापव म्हणतोय!" दारात बटाटे सोलत बसलेली सासू, सुलेमा, ओरडली. नवऱ्याचे नुसते ओठ हलले तरी तिला कळायचं. "गॅसवर लाल कर आणि मग काप!"

"कशाला? लोण्यासारखं कापलं जातंय की."

"लोणी असं किंचाळत नाही," ओविदिओ पुटपुटला. हे मात्र सुलेमाने मोठ्याने सांगितलं नाही.

ला बांदा गावात ओविदिओला सगळे ओळखत ते थंडीमुळे. एकतीस वर्षं त्याने गावातल्या खाटकांच्या शीतखोल्या आणि आइस्क्रीमवाल्यांच्या पेट्या दुरुस्त केल्या होत्या. कॉम्प्रेसरला कान लावला की आत काय बिघडलंय ते तो सांगायचा. घरी बिअर करायचा नाद त्याला कामातूनच लागला. ज्या गावात डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, सावलीतही बेचाळीस अंश असतात, तिथे बिअर आंबवायची तर अठरा अंशांची जागा पाहिजे, आणि ती कशी करायची हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जुन्या फ्रीजचं पोट रिकामं करून त्यात तो वीस लिटरचं पिंप ठेवायचा. नाताळच्या रात्री त्याची तांबूस बिअर प्यायला अर्धी गल्ली यायची.

मग कंपवात आला. आधी डावा हात, मग उजवा, आता पायही. आणि या नोव्हेंबरात विजेचा दाब खालीवर होऊन त्या जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर जळाला. ओविदिओने तो पाहिला, वास घेतला आणि बाजूला झाला. दुसरा कॉम्प्रेसर मिळालाही असता, पण तांब्याच्या नळ्या झाळायला हात लागतात. ज्या हाताने कपातला येर्बाचा कडू चहा तोंडापर्यंत नेताना अर्धा छातीवर सांडतो, त्या हातात पेटती ज्योत कोण देणार?

खोक्याची कल्पना गास्तोनची. त्याने फोनवर कुठेतरी पाहिलं होतं: थर्माकोलचा मोठा खोका, मधे एक आडभिंत, एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. आडभिंतीत कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवायचा. गरम व्हायला लागलं की पंखा सुरू होतो, बाटल्यांकडची थंड हवा पिंपाकडे येते, आणि अठरा झाले की आपोआप बंद. सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलायच्या, एवढंच काम.

"पोरखेळ आहे," ऐकल्यावर ओविदिओ म्हणाला होता. पण रात्रभर त्याच्या डोक्यात तोच खोका फिरत राहिला. सकाळी त्याने सुलेमाला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि मापं सांगितली. भिंती दुहेरी. सांधे कोनात कापायचे, म्हणजे एकात एक बसतात. झाकणाला खालून ओठासारखी कड ठेवायची, ती आत रुतली पाहिजे. आकृती सुलेमाच्या हातची होती, वेडीवाकडी, पण मापं अचूक होती.

गास्तोन माणूस वाईट नव्हता. गावोगाव फिरून गाद्या विकायचा, तोंडाने गोड. दुपारभर तो खपला, पण कागदाकडे दोनदाच पाहिलं. सांधे त्याने सरळच कापले आणि फटींत गोंद ओतला. झाकण एका बाजूला बोटभर आखूड पडलं, आणि ओठ करताना त्याचा कोपरा तुटला.

"फट," ओविदिओ म्हणाला. "तिथे फट राहिली."

"फट राहिली म्हणतोय."

"दिसली, सासूबाई, दिसली. त्याला इलाज आहे." गास्तोन अंगणात गेला आणि भट्टीजवळच्या दोन विटा घेऊन आला. झाकण ठेवून त्याने दोन टोकांना दोन विटा ठेवल्या आणि हात झटकले. "बघा. आता मुंगी शिरणार नाही."

ओविदिओने विटांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्याने विटेने दार बंद होणारी शीतखोली कोणाला दिली नव्हती. पण तसं म्हटलं असतं तर पुन्हा सुलेमाला ओरडावं लागलं असतं, आणि पोर दमलं होतं.

रविवारी बिअर शिजवली. मोड आणून वाळवलेले जव सुलेमाने ढवळले, कडवटपणासाठी हॉप्सच्या गोळ्या गास्तोनने टाकल्या, आणि ओविदिओने खुर्चीतून वेळा सांगितल्या. यीस्ट मात्र त्याने स्वतः टाकलं. अर्धं पिंपात पडलं, अर्धं जमिनीवर. पण पडलं तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या आतून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. बाहेर लावलेल्या, सेलवर चालणाऱ्या छोट्या मापकावर एकोणीसचा आकडा होता. विटा असोत नसोत, खोका चालत होता. ओविदिओ खुर्ची ओढून त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि सुलेमा जेवायला हाका मारून थकली.

"अरे म्हाताऱ्या, बाळ झोपवतोयस का?"

"कालपेक्षा जोरात आहे," तो म्हणाला. "ऐक."

तिने एप्रनला हात पुसले, कान लावला आणि हसली. किती महिन्यांनी तो कशाबद्दल तरी आपणहून बोलला होता.

मंगळवारी उत्तरेचा वारा सुटला. अकरालाच त्रेचाळीस अंश झाले. गास्तोन गाद्यांची गाडी घेऊन दूर फ्रियासला गेला होता. त्याची बायको, ओविदिओची मुलगी मिर्ना, इस्पितळात कामावर. सुलेमाच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी सुलेमाला नदीपलीकडे सांतियागोला जावं लागलं.

"चारपर्यंत येते. एकची गोळी इथे ठेवली. फोन खिशात ठेव. आणि उगाच उठूबसू नकोस."

सव्वा वाजता छताचा पंखा मंदावला, दोन गिरक्या घेऊन थांबला. सगळ्या गल्लीची वीज गेली. शेजारच्या रेडिओवर चाकारेरा नाचाचा ढोल वाजत होता, तोही मधेच तुटला.

ओविदिओला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. छोटा पंखा बंद, म्हणजे बाटल्यांची थंडी आडभिंतीपलीकडेच अडकणार. आणि आंबणारी बिअर स्वतःच ऊब सोडते. जो थर्माकोल बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तोच आता आतली बाहेर जाऊ देणार नव्हता. वर ती फट. उपाय अगदी साधा होता: झाकण उघडायचं, बाटल्या पिंपाला चिकटवून ठेवायच्या, फ्रीजरमधल्या आणखी सहा आणून घालायच्या आणि झाकण लावायचं. कोणी शेंबडं पोरही पाच मिनिटांत करेल.

मापकावर एकवीस.

गोळी चढायची तो वाट पाहत राहिला. गोळीनंतर तासभर हात बरे असायचे. पण उन्हाने की काळजीने, आज ती चढेना. त्याने फोन काढला. बोट पडद्यावर टेकेपर्यंत चार जागी लागलं, मिर्नाऐवजी कॅमेरा उघडला आणि त्यात त्याला स्वतःची हनुवटी दिसली. त्याने शेजाऱ्याला हाक मारली. भिंतीपलीकडे सगळे दुपारचे झोपले होते. जागे असते तरी ती हाक भिंत चढली नसती.

तेवीस.

तो उठला. खुर्चीच्या पाठीला धरून खोक्यापर्यंत आला आणि पहिल्या विटेवर दोन्ही हात ठेवले. वीट उचलणं शक्य नव्हतं, म्हणून तो ढकलायला लागला. हात थरथरत होते आणि त्यांच्याखाली वीट झाकणावर तडतड वाजत होती. शेवटी ती घसरून जमिनीवर पडली. दुसरी ढकलताना त्याचा तोल गेला, कोपर झाकणावर पडलं, आणि झाकणाचा टोकाकडचा तुकडा काडकन मोडून विटेसकट आत गेला. बाहेरची गरम हवा वाफेसारखी आत शिरली; त्याला ती जवळजवळ दिसली.

आता निदान उघडं तरी होतं. फ्रीजर स्वयंपाकघरात, दहा पावलांवर. तो गेला. एक बाटली काढून त्याने ती छातीशी धरली, आणि परत निघाला. पडवीच्या उंबरठ्यावर पाय थांबले. हे त्याला ओळखीचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतील, घाबरू नका, आकडे मोजा, समोर रेघ आहे असं समजून तिच्यावरून पाऊल टाका. त्याने आकडे मोजले. रेघ समजली. पाय हलले नाहीत. बाटली निसटली, पडवीभर घरंगळत गेली आणि बाजेखाली जाऊन थांबली. त्याने दोन्ही हातांनी खांब धरला.

तिथून मापक दिसत होता. सव्वीस. सत्तावीस. बुडबुड्यांचा आवाज भांडं उतू जाताना यावा तसा वाढला होता. मधे कधीतरी फेस पिंपाच्या बुचातल्या, हवा जायच्या नळीतून वर आला आणि पिंपावरून ओघळायला लागला असावा, कारण आंबूस गोड वास आला. तो फक्त पाहू शकत होता, म्हणून पाहत राहिला.

सुलेमा चार वाजून दहा मिनिटांनी आली. खांबाला धरलेला नवरा, त्याच्या पोटापासून मांडीपर्यंत भिजलेले कपडे. ती क्षणभर जागीच थांबली.

"पाणी आहे," तो म्हणाला. "बाटलीचं."

"मी काही विचारलं का?" तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आपला पाय त्याच्या पायापुढे आडवा ठेवला, आणि तो त्यावरून पाऊल टाकून खुर्चीपर्यंत आला. मग न सांगता तिने बाटल्या पिंपाभोवती रचल्या. मापक एकतीसवर होता.

वीज सहाला आली. गास्तोन सातला आला, हातात कलिंगड.

"काय झालं इथे, भूकंप?" त्याने मोडलेलं झाकण उचलून पाहिलं. "होईल हो, सासरेबुवा! थोडं गरम झालं म्हणून बिअर काय मरते? आपण काय कमी तापलो आज?"

बुडबुडे ऐकायला म्हणून ओविदिओने छताचा पंखा बंद करायला लावला होता. पडवीत शांतता होती, आणि त्यात ओविदिओचा आवाज कोणाच्या मदतीशिवाय ऐकू आला.

"माझ्या हाताला तरी रोग झालाय. तुझ्या हाताला काय झालंय?"

गास्तोनच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं आणि हळूहळू उतरलं. त्याने कलिंगड टेबलावर ठेवलं, किल्ली घेतली. "मिर्नाला आणायला जायचंय," म्हणाला आणि गेला.

"बरं वाटलं?" सुलेमाने विचारलं.

ओविदिओने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही.

आठवड्याने तिने तोटी सोडून पेल्यात थोडी बिअर काढली आणि त्याच्या ओठांशी धरली. आधी पिकल्या केळ्याचा वास आला, मग नखांचा रंग काढायच्या औषधाचा. त्याने एक घोट घेतला आणि पेला बाजूला केला.

"ओतून दे."

"मी? पिंप मला हलतंय होय? आणि तोटीने सोडलं तर इथे पडवीत नदी होईल."

म्हणजे टाकायलासुद्धा गास्तोनच हवा होता. आणि गास्तोन येत नव्हता. मिर्ना एकटी यायची, नवऱ्याला काम आहे म्हणायची. नाताळ आला. बाजारातल्या बाटल्या आणल्या, थोडे लोक आले, लवकर गेले. खोका पडवीत तसाच होता. कोणी विचारलं तर सुलेमा म्हणायची, यंदा नाही जमली.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी गास्तोन आला. सुलेमानेच फोन केला असणार. त्याने पिंप उचललं, अंगणाच्या टोकाला नेलं आणि ओविदिओसाठी खुर्ची तिथे आणून ठेवली. वीस लिटर तांबूस पाणी मातीत जिरायला बराच वेळ लागला.

"परवा मी बोललो ते," ओविदिओ म्हणाला, "बोलायला नको होतं." परवा म्हणजे तीन आठवडे झाले होते.

गास्तोन वाकून पिंप तिरकं करत होता. ओविदिओला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला त्याने श्वास घेतला.

"आलं ऐकू," गास्तोन म्हणाला. "तेव्हाही आलं होतं." त्याने पिंप पालथं करून झटकलं. "खोटं नव्हतं, सासरेबुवा. पण माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. मी गाद्या विकतो."

गास्तोन पाण्याची नळी घेऊन पिंप धुवायला लागला. तळाशी यीस्टचा पिवळट थर राहिला होता, तो त्याला दिसला नाही. ओविदिओला दिसला. वाळला की तो निघत नाही. त्याने मांडीखालचा हात काढून पिंपाकडे दाखवायचा प्रयत्न केला, पण हात दाखवायच्या जागी न थांबता भलतीकडेच नाचत राहिला, आणि गास्तोनला वाटलं, त्याला ऊन लागतंय. त्याने नळी बंद केली, सासऱ्याला खुर्चीसकट सावलीत ओढलं, आणि पिंप उन्हात वाळत ठेवलं.